मलेरियाविरोधी घटक वनस्पतीतून वेगळा काढताना: मुंबईतल्या प्रयोगशाळेसाठी

'अमुक वनस्पतीचा मलेरियाविरोधी गुण' हा विषय मुंबईत एमएस्सी आणि एम.फार्मच्या प्रकल्पांसाठी हमखास घेतला जातो. त्यातले बरेच प्रकल्प एकाच जागी थांबतात: मेथॅनॉलचा अर्क काढला, तो परजीवीवर घातला, आकडा बरा आला, 'पुढील संशोधनास वाव आहे' असं लिहून वही बंद. मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅम इतका दाट अर्क घातला तर काचेतला (शरीराबाहेर, प्रयोगशाळेत वाढवलेला) परजीवी अनेक वनस्पतींनी मरतो, त्यात नवल काही नाही. नेमका कोणता रेणू मारतो, आणि तो परजीवीलाच मारतो की समोर येईल त्या पेशीला, हे शोधणं हे खरं काम. ते कसं करायचं ते इथे मांडलं आहे. रोटाव्हॅप (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवणारं यंत्र), घटक वेगळे करणारे काचेचे कॉलम आणि टीएलसी (पातळ प्लेटवर घटक डागांच्या रूपात वेगळे करणं) एवढी सोय कॉलेजात आहे आणि परजीवीची चाचणी दुसऱ्या संस्थेच्या मदतीने करायची आहे, असं गृहीत धरलं आहे.

वनस्पती कोणती घ्यावी

आपल्याकडे तापावर वापरल्या जाणाऱ्या झाडांची कमतरता नाही: सातवीण, किराईत, पारिजातक, सागरगोटा, कडुनिंब, दारुहळद. पण 'तापावर चालतं' आणि 'परजीवीवर चालतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप उतरवणारा घटक परजीवीला हातही न लावता रुग्णाला बरं वाटायला लावू शकतो. सातविणीची कडू साल हिवतापावर पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली, पण तिच्यातलं मुख्य अल्कलॉइड (नायट्रोजन असलेला अल्कधर्मी घटक) एकिटामाइन परजीवीवर फारसं प्रभावी आढळलेलं नाही. दारुहळदीतलं बर्बेरीन काचेत परजीवी चांगला मारतं, पण तोंडाने दिल्यावर आतड्यातून नीट शोषलंच जात नाही, म्हणून उंदरांत निराशा करतं. कडुनिंबाच्या गेडुनिनचीही तीच गत, काचेत जोरदार आणि उंदरात एकट्याने फिकं. किराईतातलं अँड्रोग्राफोलाइड मायक्रोमोलर पातळीवर काम करतं. ते सहज स्फटिकरूपात मिळतं, म्हणून शिकण्यासाठी उत्तम. पारिजातकाच्या पानांवर तर मुंबईतच रुग्णांचा अभ्यास झालेला आहे, तेव्हा तो विषय घेणार असाल तर आधीचं काम वाचूनच हात घाला.

आमचा सल्ला असा की पहिला महिना ज्ञात रेणू पुन्हा वेगळा काढण्यात घालवावा. त्यासाठी आर्टेमिसिया अॅनुआ या वनस्पतीतलं मलेरियाविरोधी आर्टेमिसिनिन सर्वांत चांगलं. ते हातात शुद्ध आलं की तुमचं वाळवणं, आटवणं आणि कॉलम यांत कुठे गळती आहे ते कळतं. अनोळखी वनस्पतीत तीच गळती झाली तर 'झाडात काही नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

ओळख आधी, चाळणी नंतर

भुलेश्वर किंवा मशीद बंदरच्या काष्ठौषधींच्या दुकानात 'किराईत' मागितलं तर दोन वेगळ्या वनस्पती हातात पडू शकतात. ओलं किराईत म्हणजे अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, काडेचिराईत म्हणजे हिमालयातलं स्वेर्शिया चिरायिता. दोन्ही कडूजहर, दोन्ही वाळलेल्या काड्या, आणि एकाच्या जागी दुसरं सर्रास खपवलं जातं. दवण्याचंही तसंच. चैत्रात दादरच्या फूलबाजारात येणारा दवणा हा आर्टेमिसिया पॅलेन्स. आर्टेमिसिनिनसाठी लागते ती आर्टेमिसिया अॅनुआ, आणि तिच्याऐवजी दवणा घेऊन भागत नाही. अॅनुआचं चांगलं बियाणं किंवा पानं हवी असतील तर लखनौच्या 'सीमॅप' या औषधी वनस्पती संशोधन संस्थेने तयार केलेल्या वाणांची चौकशी करावी.

म्हणून नियम एकच: चुरा किंवा काड्या विकत घेऊन काम सुरू करायचं नाही. फूल किंवा फळ असलेली फांदी दाबून, वाळवून तिचा हर्बेरियम नमुना करायचा, सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या ठिकाणी ओळख पटवून घ्यायची, आणि नमुन्याचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. सातवीण ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या रस्त्यांवर फुलते, वासावरून झाड न पाहताही कळतं. नमुना तेव्हाच घ्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वन विभागाच्या परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही. 'कॉलेजसाठी आहे' हे कारण तिथे चालत नाही.

किती गोळा करावं? रेणू वेगळा काढायचा तर किमान १ किलो वाळलेला माल हवा. ओली पानं वाळल्यावर साधारण चौथा-पाचवा हिस्सा उरतो, म्हणजे ४–५ किलो ओली पानं. एकाच वेळी, एकाच जागेवरून घ्या. उरलेलं पुढच्या मोसमात आणू म्हटलं तर रसायनं बदललेली असतात आणि पहिल्या घाण्याशी तुलना होत नाही.

वाळवणं: मुंबईत इथेच घात होतो

पुस्तकात 'सावलीत वाळवावे' असं असतं. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत इतकी आर्द्रता असते की सावलीत पसरलेली पानं तिसऱ्या दिवशी काळी पडून बुरसटतात. बुरशी स्वतःची विषारी द्रव्यं अर्कात सोडते, आणि ती परजीवी छान मारतात. चाचणीत 'क्रियाशील' ठरलेला अर्क पुढच्या वर्षीच्या कोरड्या मालातून पुन्हा मिळत नाही, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

ट्रे ड्रायर ४० अंश सेल्सिअसला ठेवा, पंखा चालू, थर एका पानाचा. पानासाठी २४ ते ४८ तास पुरतात, सालीला जास्त लागतात. पान चुरगाळल्यावर कुरकुरीत तुटलं पाहिजे आणि ओलावा १० टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. दळताना मिक्सर २० सेकंद चालवा, मिनिटभर थांबा. सलग चालवला तर भांडं हाताला चटका देण्याइतकं तापतं आणि सुगंधी, नाजूक घटक तिथेच उडतात. रव्याइतका जाडसरपणा पुरे. मैद्यासारखं पीठ केलं तर गाळणकागद तुंबतो. पूड लगेच वापरायची नसेल तर सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा.

सराव: आर्टेमिसिनिन

चीनमधल्या मलेरियावर औषध शोधणाऱ्या '५२३ प्रकल्पा'त थू योयो यांच्या गटाला उकळून काढलेल्या अर्काचे निकाल कधी बरे, कधी शून्य असे येत होते. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, त्यातला आम्लधर्मी भाग काढून टाकला आणि उदासीन भाग ठेवला. त्या नमुन्याने उंदरांतला परजीवी पूर्ण नाहीसा केला. २०१५ च्या नोबेलपर्यंत पोचलेल्या त्या कामातून उचलायच्या गोष्टी दोन: उष्णता टाळा, आणि अर्काचे भाग पाडून प्रत्येक भाग तपासा.

ईथर मात्र उचलू नका. त्याचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश, आणि मे महिन्यात एसी बंद पडलेली प्रयोगशाळा त्याच्या जवळपास जाते. शिवाय जुन्या बाटलीत स्फोटक पेरॉक्साइडं साठतात. हेक्झेन चालतं, उद्योगातही तेच वापरतात.

१०० ग्रॅम पानांची पूड १ लिटर हेक्झेनमध्ये खोलीच्या तापमानाला २४ तास भिजवा, अधूनमधून हलवा, गाळा. हे आणखी दोनदा करा. तिन्ही वेळचा गाळलेला द्रव एकत्र करून रोटाव्हॅपवर ४० अंशांपुढे न जाता आटवा. हिरवट-पिवळा, मेणचट गोळा उरेल. हे मेण काढल्याशिवाय कॉलमवर जाऊ नका. गोळा ३०–४० मिली अॅसिटोनायट्राइलमध्ये कोमट करून ढवळा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, खाली बसलेलं मेण थंड असतानाच गाळून टाका आणि गाळलेला द्रव आटवा.

आता २३०–४०० मेशचा सिलिका कॉलम. हेक्झेन-एथिल अॅसिटेट ९५:५ पासून सुरुवात, पाच-पाच टक्क्यांनी ८०:२० पर्यंत. आर्टेमिसिनिन साधारण ८५:१५ च्या आसपास उतरतं. इथे नवशिके हमखास फसतात. आर्टेमिसिनिनमध्ये यूव्ही शोषणारी रचनाच नाही, त्यामुळे २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली टीएलसी कोरी दिसते. 'रिकामे' म्हणून जे फ्रॅक्शन (कॉलममधून टप्प्याटप्प्याने गोळा केलेले भाग) बेसिनमध्ये ओतले जातात, त्यांतच माल असतो. प्रत्येक प्लेटवर अॅनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्ल फवारून ११० अंशांवर पाच मिनिटं तापवा. गुलाबी-जांभळा डाग दिसला की तो प्रमाण नमुन्याशेजारी लावून ताडून बघा.

डाग असलेले फ्रॅक्शन एकत्र आटवून हेक्झेनमध्ये थोडं एथिल अॅसिटेट घालून स्फटिक काढा. पांढऱ्या सुया, वितळणबिंदू १५६–१५७ अंश. १५० च्या खाली आणि पसरट आला तर मेण किंवा सोबतचे टर्पीन उरले आहेत, पुन्हा स्फटिकीकरण करा. पानात ०.५ टक्के आर्टेमिसिनिन असेल तर १०० ग्रॅममध्ये ते ५०० मिलीग्रॅम. त्यातलं निम्मं शुद्ध हाती आलं तर हात बसला म्हणायचं. ५० मिलीग्रॅमच आलं तर आधी टाकून दिलेलं मेण आणि कॉलमचा शेवटचा धुवा तपासा.

जाता जाता: घरी अॅनुआची पानं उकळून 'मलेरियाचा चहा' करण्याचं खूळ समाजमाध्यमांवर दर पावसाळ्यात उगवतं. आर्टेमिसिनिन पाण्यात फार कमी विरघळतं, मात्रा दर कपाला बदलते आणि अपुऱ्या मात्रेने परजीवी मरत नाही, फक्त औषधाला सरावतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अशा वापराला विरोध आहे. थंडी वाजून ताप आला तर पालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासून घ्यायचं. या लेखातला कुठलाही अर्क कुणाच्या पोटात जाण्यासाठी नाही.

तुमच्या वनस्पतीचा अर्क

अनोळखी मालासाठी ५०० ग्रॅम पूड घ्या. आधी हेक्झेनने तेलकट भाग काढा, मग मेथॅनॉलने १:८ प्रमाणात तीन वेळा, प्रत्येकी २४ तास, खोलीच्या तापमानाला. सॉक्सलेट वापरू नका. त्यात अर्क तासन्‌तास उकळत राहतो आणि शेवटी मिळालेला रेणू झाडातला की भांड्यातला हा प्रश्न उरतो.

रोटाव्हॅपचं एक मुंबईपुरतं गणित आहे. बाथ, वाफ आणि कंडेन्सरचं पाणी यांत प्रत्येकी २० अंशांचं अंतर हवं असा ठोकताळा आहे. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच ३० अंशांच्या आसपास येतं. मग एकतर बाथ ७० वर न्यावा लागतो आणि अर्क भाजतो, किंवा बाथ ४० वर ठेवला तर वाफ थंडच होत नाही आणि सॉल्व्हंट पंपात जातं. चिलर नसेल तर बादलीत बर्फ आणि मत्स्यालयाचा छोटा पंप टाकून पाणी फिरवत ठेवा. दोन-तीनशे रुपयांच्या पंपाने हा प्रश्न सुटतो, आणि नळाचं पाणीही गटारात जात नाही.

आटवलेला मेथॅनॉल अर्क ९० टक्के मेथॅनॉल-पाण्यात विरघळवून हेक्झेनने धुवा. मग मेथॅनॉल उडवून, पाणी वाढवून क्रमाने क्लोरोफॉर्म, एथिल अॅसिटेट आणि एन-ब्युटॅनॉलने भाग पाडा. क्लोरोफॉर्मच्या पायरीला फेसाळ, दुधी थर जमतो. फनेल जोरात हलवू नका, हळू उलटसुलट करा. तरीही जमलाच तर मिठाचं संपृक्त पाणी घाला किंवा सेलाइटच्या थरातून गाळा. ब्युटॅनॉल ११७ अंशांना उकळतं. ते उडवताना थोडं थोडं पाणी घालत राहिलं की दोन्ही मिळून कमी तापमानाला निघून जातात.

अल्कलॉइडांचा संशय असेल, म्हणजे ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मकाने टीएलसीवर नारिंगी डाग येत असतील, तर वेगळा रस्ता धरा. अर्क २ टक्के सल्फ्युरिक आम्लात ढवळा, गाळा, एथिल अॅसिटेटने धुवून उदासीन घटक काढा, मग अमोनियाने पीएच ९–१० करून क्लोरोफॉर्मने अल्कलॉइडं ओढून घ्या. सोडिअम हायड्रॉक्साइड वापरलं तर एस्टर तुटतात. डायक्लोरोमिथेनमध्ये अल्कलॉइडं रात्रभर ठेवू नका, काही तृतीयक अमाइनं त्याच्याशी जोडली जातात आणि झाडात कधीच नसलेला 'नवा रेणू' तुमच्या नावावर येतो. सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये पेलतिए आणि काव्हंतू यांनी क्विनीन वेगळं केलं, तेही आम्ल-अल्कलीच्या याच खेळाने.

प्रत्येक भाग वजन करून, ५ मिलीग्रॅमच्या लहान लहान कुप्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. एकाच बाटलीतून दर वेळी काढलं की दर वेळी मुंबईची दमट हवा आत जाते.

चाचणी

मुंबईतल्या रुग्णांत व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी जास्त सापडतो, पण तो प्रयोगशाळेत सतत वाढवता येत नाही. म्हणून चाचणी फाल्सिपेरम या दुसऱ्या जातीवर. १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी दाखवलेली पद्धत आजही पाया आहे: ओ गटाच्या मानवी लाल पेशी, आरपीएमआय १६४० माध्यम, त्यात हेपेस, हायपोझॅन्थीन, ०.५ टक्के अॅल्ब्युमॅक्स (रक्तद्रवाऐवजी घालायचं प्रथिन), आणि कमी ऑक्सिजन. रक्त एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंसाठी तपासलेलं हवं, जैवसुरक्षा पातळी २ ची जागा हवी आणि संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरीही. यातलं काही नसेल तर संवर्धन कॉलेजात करायचा हट्ट धरू नका, नमुने घेऊन करणाऱ्यांकडे जा.

नमुन्याचा साठा डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये मिलीलिटरला २० मिलीग्रॅम असा करा. चाचणीत डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या वर जाता कामा नये, आणि या साठ्यातून ०.५ टक्क्याला नेमके १०० मायक्रोग्रॅम प्रतिमिली मिळतात. तिथून निम्मं-निम्मं करत खाली या. डीएमएसओ नायट्रोसेल्युलोजचा फिल्टर विरघळवतं, गाळायचंच असेल तर पीटीएफई वापरा.

परजीवी ५ टक्के सॉर्बिटॉलने एकाच वयाचे करून घ्या. रिंग अवस्था, ०.५ टक्के संसर्ग, २ टक्के हिमॅटोक्रिट (माध्यमातलं लाल पेशींचं प्रमाण), ९६ खाचांची काळी प्लेट, ७२ तास ३७ अंशांवर. कडेच्या खाचांतलं पाणी उडून तिथले आकडे बिघडतात, तिथे नुसतं माध्यम भरा. शेवटी सॅपोनिन आणि ट्रायटन असलेलं, पेशी फोडणारं लायसिस बफर व सायबर ग्रीन (डीएनएला चिकटून चमकणारं रंगद्रव्य) घालून तासभर अंधारात ठेवा, ४८५ ला उद्दीपन, ५३० ला वाचन. लाल पेशीला केंद्रक नसतं, म्हणून चमक जवळपास सगळी परजीवीच्या डीएनएची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी नीट काढल्या नसतील तर हा हिशेब कोसळतो.

प्रत्येक प्लेटवर नुसता डीएमएसओ, परजीवी नसलेल्या लाल पेशी आणि क्लोरोक्वीन हवंच. क्लोरोक्वीन डायफॉस्फेट पाण्यात विरघळवा, डीएमएसओत ते विरघळत नाही. ३डी७ या संवेदनशील जातीवर त्याची आयसी-५० (परजीवीची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) काही दशक नॅनोमोलरच्या आत यायला हवी. ती दहापट वर गेली तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाद, तुमच्या अर्काचा आकडा कितीही देखणा असो. अर्काला चांगला आकडा मिळाला तर डीडी२ किंवा के१ अशा क्लोरोक्वीनला न जुमानणाऱ्या जातीवरही बघा.

आता खोट्या यशाबद्दल. हा भाग सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, म्हणून सविस्तर.

पहिला चोर सॅपोनिन. ते लाल पेशीच फोडतात, घर पडल्यावर परजीवी मरणारच. ब्युटॅनॉलच्या भागात ते गच्च असतात. प्रत्येक नमुना संसर्ग नसलेल्या २ टक्के लाल पेशींत ३७ अंशांवर ठेवून, सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवाचं ५४० नॅनोमीटरला वाचन घ्या. तासाभराचं घ्या आणि ७२ तासांचंही. ट्रायटनने पूर्ण फुटलेल्या पेशींच्या तुलनेत ५ टक्क्यांवर गेलं तर तो नमुना बाजूला.

दुसरा चोर टॅनिन. हे प्रथिनांना चिकटतात, माध्यमातलं अॅल्ब्युमॅक्सच खाली बसवतात आणि परजीवी उपाशी मरतो. सालीचा अर्क घेतला असेल तर पॉलिअमाइडच्या छोट्या कॉलममधून टॅनिन काढून पुन्हा चाचणी करा. क्रिया गायब झाली तर ती टॅनिनची होती, आणि तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

तिसरा चोर रंग. गडद किंवा स्वतः चमकणारे घटक सायबर ग्रीनचं वाचन बिघडवतात. दारुहळदीच्या पिवळ्या अर्कात हे हटकून होतं. उपाय जुना आहे: काचपट्टीवर पातळ लेप, मेथॅनॉलने स्थिर, १० टक्के जिम्सा, सूक्ष्मदर्शकाखाली हजार पेशी मोजणं. कंटाळवाणं काम आहे, पण लेप खोटं बोलत नाही. मेलेला परजीवी आकसून काळपट ठिपका झालेला दिसतो. नुसताच रिंग अवस्थेत अडकलेला दिसला तर नमुना मारत नाही, थांबवतो.

आणि चौथं, सर्वसाधारण विषारीपणा. व्हेरो किंवा हेप-जी२ पेशींवर एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) करून सीसी-५० (निम्म्या पेशी मारणारी मात्रा) काढा, तिला आयसी-५० ने भागा. हे गुणोत्तर १० च्या खाली असेल तर तुम्हाला मलेरियाचं औषध नाही, विष सापडलं आहे. अर्काची आयसी-५० ५ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर बेधडक पुढे जा, ५ ते १५ असेल तर विचार करून, ५० च्या वर असेल तर झाड बदला.

परजीवीची सोय होईपर्यंत कॉलेजातच करता येण्यासारखी बीटा-हिमॅटिनची चाचणी आहे. क्विनीन, क्लोरोक्वीन यांसारखे रेणू परजीवीने लाल पेशी पचवताना सुटणाऱ्या हीमचे स्फटिक बनू देत नाहीत. ते हेमिन क्लोराइड, अॅसिटेट बफर आणि साधा प्लेट रीडर एवढ्यावर पाहता येतं. पण ही चाळणी एकाच कार्यपद्धतीची आहे. इथे शून्य आलं म्हणून नमुना टाकू नका.

कॉलम, आणि क्रियेचा जमाखर्च

क्रियाशील भाग कोणता ते कळलं की त्यालाच कॉलमवर चढवा. सिलिका मालाच्या ३० ते ५० पट. माल थोड्या सिलिकावर कोरडा करून वरून ओतायचा, द्रवरूपात ओतला तर पट्टा फाटतो. पावसाळ्यात सिलिका हवेतलं पाणी पिऊन ढिली पडते आणि सगळंच एकदम खाली येतं, म्हणून वापरण्याआधी ११० अंशांवर दोन तास. टीएलसीच्या प्लेटही तशाच तापवून घ्या, नाहीतर जुलैतला आरएफ (प्लेटवर डाग किती वर चढला याचं गुणोत्तर) आणि जानेवारीतला आरएफ एकमेकांना ओळख देत नाहीत. सॉल्व्हंट अशी निवडा की हवा तो डाग ०.२ ते ०.३ आरएफवर येईल. हरितद्रव्य फार असेल तर आधी सेफाडेक्स एलएच-२० मधून मेथॅनॉलने काढून घ्या.

टीएलसीवर सारखे दिसणारे फ्रॅक्शन एकत्र करा, वजन करा, पुन्हा चाचणीला पाठवा. सगळ्यांत देखण्या डागाच्या मागे जाण्याचा मोह होतो. मुख्य घटक स्फटिकरूपात सापडतो, एनएमआर छान येतो, आणि त्याला क्रिया शून्य. क्रिया कोपऱ्यातल्या अस्पष्ट डागात असते.

ती हरवते कुठे हे कळण्यासाठी वजनाला आयसी-५० ने भागा. समजा, १० ग्रॅम अर्काची आयसी-५० २० मायक्रोग्रॅम प्रतिमिली आहे. १ कोटी मायक्रोग्रॅम भागिले २० म्हणजे ५ लाख मिली, ५०० लिटर. इतकं माध्यम हा अर्क निम्म्या क्रियेपर्यंत नेऊ शकतो. आता भाग पाडल्यावर क्लोरोफॉर्मचे २ ग्रॅम ५ मायक्रोग्रॅमला चालले, तर ४०० लिटर. ब्युटॅनॉलचे ४ ग्रॅम ६० ला, म्हणजे ६७ लिटर. बेरीज ४६७, हिशेब जुळला, क्लोरोफॉर्म धरून पुढे जा. बेरीज १०० च भरली तर थांबा. रेणू उष्णतेने किंवा सिलिकाच्या आम्लतेने तुटला, कॉलमलाच चिकटून राहिला, किंवा दोन घटक मिळून काम करत होते आणि तुम्ही त्यांना वेगळं केलं. कॉलम मेथॅनॉलने धुवून तो धुवा तपासा, मग सगळे भाग मूळ प्रमाणात पुन्हा मिसळून चाचणी घ्या. मिसळल्यावर क्रिया परत आली तर तो दोघांचा मेळ आहे. नाही आली तर रेणू तुटला आहे, आणि सिलिकाऐवजी सी-१८ किंवा सेफाडेक्सच्या कॉलमवर जायला हवं.

शुद्ध रेणू हाती आल्यावर

तीन वेगळ्या सॉल्व्हंट-जोड्यांत टीएलसीवर एकच डाग, आणि एचपीएलसीवर (उच्च दाबाच्या कॉलमयंत्रावर) किमान ९५ टक्के शुद्धता. आर्टेमिसिनिनसारख्या यूव्ही न शोषणाऱ्या रेणूंसाठी २१० नॅनोमीटर किंवा ईएलएस डिटेक्टर घ्या, २५४ वर शुद्धता मोजून फसू नका. एनएमआर आणि वस्तुमान वर्णपटासाठी पवईला आयआयटीतल्या 'सैफ' केंद्रात बाहेरचे नमुने घेतात. प्रोटॉन आणि कार्बन दोन्हीसाठी १० ते १५ मिलीग्रॅम राखून ठेवा. क्लोरोफॉर्म-डीमध्ये आम्लाचा अंश साठतो, नाजूक रेणू रात्रभरात बदलतो, म्हणून नमुना लगेच वाचून घ्या. सरावाच्या आर्टेमिसिनिनवर ताडून बघायचं तर प्रोटॉनमध्ये ५.८६ पीपीएमला एकटी रेघ, कार्बनमध्ये १०५ आणि ९४ च्या जवळ दोन खुणा, १७२ ला लॅक्टोन, आणि वस्तुमानात सोडिअमसह ३०५.

रचना लिहिण्यापूर्वी ज्ञात रेणूंशी ताडून घ्या. बहुतेक वेळा तो आधी सापडलेलाच निघतो, आणि त्यात कमीपणा नाही. पेटंटचा विचार असेल तर जैवविविधता कायदा २००२ नुसारची प्रक्रिया अर्जाआधी तपासा. परदेशातल्या सहकाऱ्याला पुडी पाठवण्याआधीही राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते.

मग शुद्ध रेणूची आयसी-५० पुन्हा, तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि आता मायक्रोमोलरमध्ये. १ मायक्रोमोलरच्या आत आला तर उंदरातल्या चार दिवसांच्या चाचणीचा विचार करता येतो, तीही प्राणी-नीतिसमितीच्या मंजुरीनंतरच. आणि शुद्ध रेणू ज्या फ्रॅक्शनमधून आला त्याहून कमजोर निघाला, तर क्रिया त्याची नव्हतीच. त्या फ्रॅक्शनची राखलेली कुपी उणे २० मधून काढा आणि उरलेले डाग एकेक करून तपासायला घ्या.